घरी थेंब कोण घालतं?

गोव्यात डिचोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी सहायक आहे. बारावीनंतर नेत्रसहायकाचा दोन वर्षांचा कोर्स केला आणि तेव्हापासून हेच काम करते. तक्त्यावरची अक्षरं वाचून घेणं, मशीनवर चष्म्याचा अंदाजे नंबर काढणं, डोळ्याचा दाब मोजणं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी लेन्ससाठी लागणारी मापं घेणं, फाइली लावणं, बुधवारी बाजाराला आलेल्या गावांतल्या लोकांची गर्दी सांभाळणं. पण तुझं मुख्य काम कोणतं असं कोणी विचारलं तर मी सांगते, थेंब घालायला शिकवणं.

लोकांना हे काम वाटतच नाही. थेंब काय, बाटली उलटी धरली की पडतात! पण मोतीबिंदूचं ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांत होतं आणि त्यानंतरचे थेंब महिना-दीड महिना चालतात. काचबिंदूचे, म्हणजे डोळ्यातला दाब वाढून नस सुकत जाते त्या रोगाचे, तर बहुतेकांना जन्मभर घालावे लागतात. डॉक्टरांच्या हाताखालची मिनिटं संपली की उरलेला सगळा काळ डोळा घरच्या माणसांच्या हातात असतो. तो हात कसा आहे, थरथरतो का, घरी दुसरा हात आहे का, हे विचारायला डॉक्टरांना वेळ मिळत नाही. ते मी विचारते.

तपासणीला येताना बाटली घेऊन या, असं मी प्रत्येकाला सांगते. बरेच जण चिठ्ठी आणतात आणि बाटली घरी ठेवतात. बाटली आली की मी ती उजेडात धरून बघते. ५ मि.लि.च्या बाटलीत साधारण १०० थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत दिवसातून दोनदा, म्हणजे रोज चार थेंब. बाटली २५ दिवसांच्या आसपास संपायला हवी. महिन्याने आलेल्या माणसाची बाटली अर्धी भरलेली असली तर थेंब चुकताहेत. दहा दिवसांतच नवी बाटली घ्यावी लागली असेल तर थेंब गालावरून ओघळताहेत. दोन्ही प्रकारची माणसं मला एकच सांगतात, "घालतां गे बाय, रोज घालतां." आणि ती खोटं बोलत नसतात. त्यांच्या समजुतीप्रमाणे ती घालतच असतात. म्हणून मी ओरडत नाही. मी म्हणते, माझ्यासमोर एकदा घालून दाखवा.

मग जे दिसतं ते कुठल्याही चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. एक मामा उभ्यानेच मान जराशी मागे करून थेंब सोडतात, तो पापणीवर पडतो, ते रुमालाने पुसतात आणि समाधानाने बाटली बंद करतात. एक काकी शेवटच्या क्षणी डोळा घट्ट मिटतात. कोणी बाटलीचं टोक थेट डोळ्याला टेकवतं, नेम चुकू नये म्हणून. त्या टोकावर डोळ्यातले जंतू चढतात आणि पुढचा महिनाभर तेच औषधाबरोबर परत डोळ्यात जातात. कोणी एकाऐवजी तीन थेंब घालतं, एखादा तरी आत जाईल म्हणून. खालच्या पापणीच्या खोबणीत जेमतेम ३० मायक्रोलिटर मावतं, म्हणजे एका मि.लि.च्या शंभर भागांतले तीन. बाटलीतून पडणारा एक थेंबच बहुधा त्याहून मोठा असतो. पहिला थेंब नीट पडला तर दुसऱ्याला जागाच नाही. त्याचे पैसे गालावरून वाहून जातात, आणि काचबिंदूची बाटली काही स्वस्त नसते.

मी त्यांना आडवं झोपायला सांगते. घरी खाट असतेच, नसली तर बाकावर. खालची पापणी बोटाने हळूच खाली ओढायची, नजर वर छताकडे, बाटली धरलेल्या हाताची कड कपाळावर टेकवायची म्हणजे हात हलत नाही, आणि एकच थेंब. मग डोळा मिटायचा, मिचकवायचा नाही. नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट ठेवून दोन मिनिटं हलकं दाबून धरायचं. या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते. म्हणूनच थेंब घातले की पुष्कळांना घशात कडू लागतं. बोट दाबलं की औषध डोळ्यात राहतं, रक्तात कमी जातं. टिमोलॉल नावाच्या थेंबासाठी हे फार महत्त्वाचं आहे. तो रक्तात गेला तर दम्याच्या माणसाचा दमा उसळू शकतो, हृदयाचे ठोके मंदावू शकतात. डोळ्याच्या थेंबाने दमा वाढेल हे कुणाच्या मनातही येत नाही, आणि डोळ्यांच्या दवाखान्यात आपला दमा सांगायचा हेही सुचत नाही. मी फाइल उघडतानाच विचारते, श्वासाचा पंप घेता का?

ज्यांचा हात फार थरथरतो त्यांना मी दुसरी रीत दाखवते. झोपायचं, डोळा मिटून घ्यायचा, नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब सोडायचा आणि मग डोळा उघडायचा. औषध आपोआप आत उतरतं. आणि "पडलें काय ना, कळना" म्हणणाऱ्यांची बाटली फ्रीजच्या दारात ठेवायला लावते. गार थेंब डोळ्यात पडला की कळतो. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख मी स्वतः पेनने लेबलवर लिहून देते. उघडल्याला महिना झाला की ती टाकायची, औषध उरलं असलं तरी.

आता वेळा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे एक थेंब पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा असतो, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात चार, असा दर आठवड्याला एकेक कमी होत जातो. चिठ्ठीवर हे आकड्यांत लिहिलेलं असतं, आणि घरी सत्तरीच्या बाईला ते आकडे उलगडत नाहीत. मी घड्याळ सांगतच नाही. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की पहिला, दहाच्या पेजेआधी दुसरा, दुपारच्या जेवणानंतर तिसरा, संध्याकाळचा पोदेर आला की चौथा, देवाकडे दिवा लावला की पाचवा, झोपताना सहावा. किरिस्तांव घरांत दिव्याच्या जागी संध्याकाळची चर्चची घंटा. पुढच्या आठवड्यात कुठला वगळायचा ते कागदावर खूण करून देते. हे सगळं घरातल्या कोणाला तरी समजावून द्यावं म्हणून मी सोबत आलेल्या माणसाला आत बोलावते, आणि तिथेच अडतं. सोबत आलेला असतो तो पायलट. पिवळ्या-काळ्या भाड्याच्या मोटरसायकलवरून आजीला घेऊन आलेला, बाहेर थांबलेला.

आमच्या गावांतली मोठमोठी घरं तुम्ही पाहिली असतील. पडवी, राजांगण, मागे विहीर, आणि आत एकटी आई. एक मुलगा कतारला, एक पुण्याला, मुलगी लग्न होऊन मडगावला. मी कोणाला दोष देत नाही, पोटासाठीच गेलेत सगळे. पण मग रात्री नऊचा थेंब कोण घालतं? हा प्रश्न मी आता सगळ्यांना विचारते, आणि उत्तर ऐकून घेतल्याशिवाय चिठ्ठी हातात देत नाही.

कधी उत्तर अनपेक्षित जागी मिळतं. एका आंटीची मुलगी इंग्लंडमध्ये स्विंडनला असते. आंटींना काचबिंदू, रात्री एक थेंब, दोन्ही डोळ्यांत. दाब काही केल्या उतरेना. मी मुलीला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि तिलाच सगळी रीत दाखवली. तेव्हापासून इथे रात्र झाली आणि तिथे दुपार असली की ती फोन लावते, आंटी फोन उशाशी टेकवून ठेवतात आणि लेकीसमोर थेंब घालतात. पहिल्याच रात्री मुलीच्या लक्षात आलं की आई फक्त उजव्या डोळ्यात घालते आहे. आंटींचं म्हणणं, डाव्याला सगळं चांगलं दिसतं! पुढच्या तपासणीत दोन्ही डोळ्यांचा दाब खाली आला होता. मला त्या दिवशी झालेला आनंद अजून आठवतो.

काचबिंदूबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण तिथेच थेंब सगळ्यात जास्त सुटतात.

खाणीवर ट्रक चालवलेले एक मामा आमच्याकडे आले होते. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या. मग त्यांनी टेम्पो घेतला. परवान्याच्या नूतनीकरणाला वैद्यकीय दाखला, फॉर्म १-अ, लागतो म्हणून आले होते. तक्ता खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला, दोन्ही डोळ्यांनी ६/६. सही घेऊन निघायच्या बेतात होते. वयामुळे मी हवेच्या मशीनवर दाब मोजला. साधारणपणे तो १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. त्यांचा तिशीच्या पुढे होता. मी पुन्हा मोजला आणि फाइल डॉक्टरांच्या टेबलावर वर ठेवली. डॉक्टरांनी त्यांच्या यंत्रावर दाब तपासला, बाहुलीतून आत नस बघितली, फील्ड टेस्ट सांगितली. त्या टेस्टमध्ये अंधाऱ्या वाटीत बारीक उजेड चमकतो, दिसला की बटण दाबायचं. मामांनी कडेच्या कितीतरी ठिकाणी बटण दाबलंच नाही, कारण तिथे त्यांना काही दिसत नव्हतं. समोरचं सगळं स्वच्छ, आणि कडेचं गेलेलं. मग त्यांनी आपणहून सांगितलं की हल्ली बाजूने येणारी स्कूटर एकदम पुढ्यातच दिसते.

डॉक्टरांनी रात्रीचा थेंब लिहिला. मामांनी बाहेर येऊन मला विचारलं, "दुखना, मागीर वखद कित्याक?" दुखत नाही, मग औषध कशाला?

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यावं लागतं. मोतीबिंदूवाल्याला थेंब घालायला बळ येतं, कारण पट्टी काढली की त्याला जग उजळलेलं दिसतं. काचबिंदूवाल्याला थेंबातून काहीच मिळत नाही. नजर वाढत नाही. गेलेला भाग परत येत नाही, कारण सुकलेली नस पुन्हा जिवंत होत नाही. उलट काही थेंबांनी डोळे लाल होतात, चुरचुरतात, पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात. आज थेंब घातला नाही तरी उद्या तसूभरही फरक जाणवत नाही. परवाही नाही. अशा औषधाची सवय माणसाला कशाच्या जोरावर लागावी? मी मामांना त्यांच्या फील्ड टेस्टचा कागद दाखवला. हे काळं झालंय ते गेलं, ते आम्हाला आणून देता येणार नाही. हे पांढरं आहे ते तुमचं आहे, थेंब आहे तो याच्यासाठी. त्यांनी कागद बराच वेळ हातात धरला. मग विचारलं की टेम्पो चालवता येईल का. ते डॉक्टरांनी ठरवायचं होतं, आणि डॉक्टरांनी त्या दिवशी दाखल्यावर सही केली नाही. मामा रागावून गेले. पण महिन्याने बाटली घेऊन परत आले, जवळजवळ रिकामी, जशी असायला हवी तशी.

त्यांच्या भावांनाही तपासायला सांगितलं आहे. सख्ख्या भावंडांना या रोगाचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. धाकटा येऊन गेला, त्याचे डोळे चांगले आहेत. थोरला म्हणतो मला काही होत नाही. मी दर वेळी आठवण करते.

आता ज्याचा मला मनापासून राग येतो ते सांगते. डोळा लाल झाला की फार्मसीत जाऊन "एक थेंबांची बाटली द्या" म्हणायचं, आणि त्यांनी स्टिरॉइडची द्यायची. उन्हाळ्यात खाजून डोळे लाल करणारी मुलं आमच्याकडे पुष्कळ येतात. स्टिरॉइडने दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो, आईला वाटतं गुण आला, आणि मग दर उन्हाळ्यात, दर खाजेला तीच बाटली. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या डोळ्याचा दाब वाढलेला आणि भिंगाच्या मागच्या थरात मोतीबिंदू धरलेला मी पाहिला आहे. ते मूल तक्त्यासमोर बसलं होतं आणि मोठं अक्षरही चाचरत सांगत होतं. स्टिरॉइड वाईट औषध नाही, ऑपरेशननंतर आम्हीच देतो. पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली आणि ठरलेल्या दिवसांपुरतं.

तसंच वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या, कापणीत. भाताचं पातं किंवा तूस डोळ्याला लागतं, दोन-चार दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका येतो. झाडापाल्याने झालेल्या जखमेत बुरशी वाढू शकते, आणि त्यात स्टिरॉइड पडलं की बुरशीला रान मोकळं. कोणी मध घालतं, कोणी एरंडेल, कोणी बाळंतिणीचं दूध. कृपा करून यातलं काहीही घालू नका. स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी या. बुरशीवरचं औषध पांढरट असतं, तळाला बसतं, प्रत्येक वेळी बाटली नीट हलवून घालावं लागतं, सुरुवातीला तासातासाला, रात्रीसुद्धा. एकट्या माणसाला ते झेपतच नाही. अशांना डॉक्टर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, दाखल व्हायला सांगतात, तेव्हा तिथे जायला कचरू नका. २०२३ च्या पावसाळ्यात डोळे आले होते तेव्हा एकाच बाटलीतून अख्खं घर थेंब घालत होतं. एका माणसाची बाटली त्या एकाच माणसाची असते.

हे सगळं मी लोकांना कधी सांगते? बाकावरच्या अर्ध्या तासात. डोळ्याच्या आतला पडदा बघायचा असेल तर बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागतात. त्याआधी मी कानशिलाच्या बाजूने टॉर्च आडवा मारून बघते. नाकाकडच्या बाजूला सावली पडली तर डोळ्यातली पुढची जागा अरुंद आहे, आणि तिथे हे थेंब घातले तर दाब अचानक चढू शकतो. असा डोळा मी आधी डॉक्टरांना दाखवते. रक्तदाब, हृदय विचारून घेते. मग थेंब, थोडं झोंबतं, आणि वीस-तीस मिनिटं थांबायचं. आमच्याकडचे बरेच आजोबा जवळचं वाचायला कार्ड दिलं तर ते बाजूला ठेवून पिशवीतून मराठी पेपर काढतात आणि त्यातलं बारीक अक्षर वाचून दाखवतात. त्यांच्या लेखी तीच परीक्षा. पण बाहुली मोठी झाली की जवळचं धूसर होतं. पेपर वाचता येत नाही, मोबाइलही बघता येत नाही. माणूस नुसता बसलेला असतो. या वेळात त्याला सगळं ऐकू येतं आणि सगळं पटतं. मी रिकामी बाटली पाण्याने भरून ठेवली आहे, ती हातात देते आणि थेंब डोळ्यात नाही, तळहातावर टाकून घेते. बोटाचा दाब किती दिला की एकच थेंब पडतो हे हाताला कळायला लागतं. आणि निघताना बजावते की चार-पाच तास दुचाकी चालवायची नाही, पायलट किंवा बसनेच जायचं.

आमच्या फाइलवर आता पत्त्याखाली एक ओळ आहे: घरी थेंब कोण घालतं. मी ती हाताने लिहायचे, नंतर डॉक्टरांनी छापूनच घेतली. तिथे सून असते, नातू असतो, शेजारीण असते. पुष्कळदा "स्वतः" असतं, आणि मग मी त्यांचा हात बघते. कधी ती ओळ कोरी राहते. अशा वेळी डॉक्टर औषध बदलायचा विचार करतात: दोन औषधं मिळून एकच बाटली, दिवसातून दोनदाऐवजी फक्त रात्री, किंवा जमत असेल तर लेसर, म्हणजे निदान काही वर्षं तरी थेंबांवाचून किंवा कमी थेंबांवर निभावतं.

मये गावच्या एका मावशींची ओळ कोरी आहे. बोटं संधिवाताने वाकलेली, बाटली दाबवत नाही, घरी कोणी नाही. त्यांना लेसरसाठी येत्या बुधवारी बोलावलं आहे. शेजारचा मुलगा बाजाराला येताना त्यांना गाडीत घेऊन येणार आहे, त्याच्याशी मी काल बोलले.